स्टीव्हन्सन आणि हवाईचा राजा कलाकाउआ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ट्रेझर आयलंड’ आणि ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ या कादंबऱ्यांमुळे मराठी वाचकांना परिचित असलेला स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८९ साली पाच महिने हवाई बेटांवर राहिला आणि त्या मुक्कामात तेथील राजा डेव्हिड कलाकाउआ याच्याशी त्याचा स्नेह जुळला. या स्नेहाविषयी जे सांगितले जाते त्यात मद्याच्या बाटल्यांना आणि समुद्रकाठच्या मेजवान्यांनाच बहुतेक जागा मिळते. राजाने या लेखकाला प्रत्यक्षात काय दिले, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न त्यामुळे मागे राहतो. पुढील उत्तरांचा रोख मुख्यतः त्याच प्रश्नाकडे आहे.

हे दोघे नेमके कोण होते?

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी एडिंबरा येथे, दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांच्या प्रसिद्ध घराण्यात झाला. फुप्फुसाच्या विकाराने तो लहानपणापासून जर्जर होता आणि मानवेल अशा हवेच्या शोधात त्याने आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली.

कलाकाउआ त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा होता. त्याचा जन्म १६ नोव्हेंबर १८३६ चा, म्हणजे दोघांच्या वाढदिवसांत तीनच दिवसांचे अंतर. त्याला गादी वारसाहक्काने मिळालेली नव्हती. राजा लुनालिलो वारस न नेमता वारल्यामुळे १८७४ मध्ये हवाईच्या विधिमंडळाने मतदान करून कलाकाउआची निवड केली. प्रतिस्पर्धी राणी एमा हरली, तिच्या समर्थकांनी दंगल केली आणि ती शमवण्यासाठी बंदरात उभ्या असलेल्या अमेरिकन व ब्रिटिश युद्धनौकांवरचे सैनिक शहरात उतरवावे लागले. ज्याच्या कारकिर्दीचा पहिलाच दिवस परक्या बंदुकांच्या आधाराने पार पडला, अशा या राजाला पुढे त्या आधाराची किंमत अनेकदा मोजावी लागली.

स्टीव्हन्सन हवाईला कसा पोचला?

वडिलांच्या मृत्यूनंतर १८८७ मध्ये त्याने ब्रिटन सोडले, एक हिवाळा अमेरिकेत काढला आणि २८ जून १८८८ रोजी ‘कास्को’ नावाचे शिडाचे जहाज भाड्याने घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेकडे निघाला. बरोबर पत्नी फॅनी, सावत्र मुलगा लॉइड ऑसबोर्न आणि साठीला टेकलेली आई मार्गारेट होती. मार्केसास, पाउमोटू आणि ताहिती या द्वीपसमूहांत सहा महिने काढून २४ जानेवारी १८८९ रोजी जहाज होनोलुलूला लागले. ते ठरल्या वेळेपेक्षा बरेच उशिरा आल्यामुळे बुडाले असावे, अशी शंका तेथील आप्तांच्या मनात येऊ लागली होती.

या सहा महिन्यांतली एक गोष्ट येथे सांगायला हवी. ताहितीमधील तौतिरा गावी जहाजाच्या डोलकाठीच्या दुरुस्तीसाठी मुक्काम लांबला, तेव्हा ओरी नावाच्या स्थानिक नायकाने स्टीव्हन्सनला आपल्या घरी ठेवून घेतले आणि तेथील रिवाजाप्रमाणे दोघांनी एकमेकांची नावे घेतली. बेटांवरच्या मानी माणसांशी बरोबरीच्या नात्याने कसे वागावे, भेट कशी द्यावी आणि कशी स्वीकारावी, याचा धडा हवाईला पोचण्यापूर्वीच त्याने असा गिरवलेला होता.

राजाची ओळख कोणी करून दिली?

फॅनीची मुलगी इसोबेल आणि तिचा चित्रकार नवरा जो स्ट्राँग हे काही वर्षांपासून होनोलुलूत राहत होते आणि राजाच्या रोजच्या बैठकीत त्यांची ऊठबस होती. त्यामुळे मुलाखतीसाठी अर्ज करून ताटकळत बसण्याची वेळ स्टीव्हन्सनवर आली नाही. हेन्री पूअर हा राजाच्या मर्जीतला तरुण अधिकारीही याच वर्तुळातला होता आणि वाइकिकीच्या किनाऱ्यावरचे त्याचे घर स्टीव्हन्सन कुटुंबाला लगेच खुले झाले. जो स्ट्राँग आणि पूअर ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत, कारण सामोआच्या प्रकरणात ती पुन्हा येणार आहेत.

मोत्याची आणि सुनीताची हकीकत काय आहे?

१ फेब्रुवारी १८८९ रोजी राजा स्वतः ‘कास्को’वर आला. हा अनौपचारिक पाहुणचार होता आणि गाणीबजावणी करण्यात दुपार सरली. ३ फेब्रुवारीला पूअरच्या घरी हवाई पद्धतीची मोठी मेजवानी झाली. पाहुणे पानाफुलांनी मांडलेल्या पंगतीत जमिनीवर बसले होते. त्या प्रसंगाचे छायाचित्र उपलब्ध असून त्यात राजा, त्याची बहीण लिलिउओकलानी, स्टीव्हन्सन आणि त्याची आई अशी मंडळी दिसतात. लिलिउओकलानी त्या वेळी गादीची वारस होती. स्कॉटलंडमधल्या धर्मनिष्ठ घरातली वयस्क मार्गारेट या पंगतीत निःसंकोच बसली आहे, ही गोष्ट मला त्या छायाचित्रातली सर्वांत बोलकी वाटते.

याच मेजवानीत स्टीव्हन्सनतर्फे राजाला सोनेरी झाक असलेला एक मोती अर्पण करण्यात आला आणि त्यासोबत त्याने रचलेले सुनीत वाचले गेले. या सुनीतात ‘कास्को’चा उल्लेख रुपेरी जहाज असा येतो आणि शेवटी सागराचे रत्न द्वीपांच्या राजाला वाहिले जाते. कविता म्हणून ती प्रासंगिक आहे. स्टीव्हन्सनच्या उत्तम रचनांत तिची गणना होणार नाही. तिच्यातील संबोधन मात्र पाहण्याजोगे आहे. होनोलुलूतील गोऱ्या व्यापाऱ्यांची आणि त्यांच्या वृत्तपत्रांची राजाविषयी बोलण्याची रीत त्या काळी उघड कुचेष्टेची होती. अशा शहरात एका नामांकित इंग्रजी लेखकाने जाहीर समारंभात त्याला सरळ ‘माझ्या राजा’ असे म्हणावे, याचा अर्थ हजर असलेल्या प्रत्येकाला कळला असणार.

राजाच्या मद्यपानाच्या गोष्टी कितपत खऱ्या आहेत?

त्या खऱ्या आहेत आणि त्यांचा सर्वांत मोठा साक्षीदार स्टीव्हन्सनच आहे. ८ फेब्रुवारी १८८९ रोजी आपला जुना मित्र चार्ल्स बॅक्स्टर याला लिहिलेल्या पत्रात त्याने राजाला उमदा आणि बुद्धिमान म्हटले आहे, आणि लगेच पुढे साडेतीन तासांत शॅम्पेनच्या पाच बाटल्या संपल्याचा हिशेबही दिला आहे. डोंगराने खांद्यावरच्या चिमणीचा भार वाहावा तसा राजा ही दारू पचवतो आणि शेवटी तर अधिकच भारदस्त दिसू लागतो, असे तो कौतुकाने सांगतो.

हे पत्र एका मित्राने दुसऱ्या मित्राला गमतीने लिहिलेले आहे, हे विसरून पुढच्या अनेक लेखकांनी त्यातला आकडा तेवढा उचलला आणि ‘बुद्धिमान’ हा शब्द गाळला. राजाचा तोंडवळा इंग्रजी वाचकांसमोर विद्रूप करण्यात आणखी एका पुस्तकाचा मोठा वाटा आहे. १८८१ च्या जगप्रवासात राजाबरोबर गेलेला त्याचा मंत्री विल्यम आर्मस्ट्राँग याने १९०४ मध्ये, राजा वारल्यानंतर तेरा वर्षांनी आणि त्याचे राज्य अमेरिकेने गिळल्यानंतर सहा वर्षांनी, त्या प्रवासाची हकीकत प्रसिद्ध केली. मालक हयात नसताना नोकराने लिहिलेल्या आठवणी जशा असतात, तशीच ती आहे.

राजाला साहित्यात खरोखर रस होता, की तो केवळ यजमान होता?

कलाकाउआ स्वतः लेखक, संपादक आणि संग्राहक होता. तरुणपणी, १८६१ मध्ये, हवाई भाषेतील एका वृत्तपत्राच्या संपादनात त्याचा सहभाग होता आणि हवाई राष्ट्रगीताचे शब्द त्याचे आहेत. मिशनऱ्यांच्या दबावाखाली सार्वजनिक जीवनातून हद्दपार झालेल्या हुला नृत्याला त्याने १८८३ च्या राज्याभिषेक सोहळ्यात आणि १८८६ मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी पुन्हा जाहीर व्यासपीठ दिले. १८८६ मध्येच त्याने हाले नाउआ नावाचे मंडळ स्थापन करून जुन्या वंशावळी आणि परंपरागत ज्ञान यांच्या अभ्यासाला राजाश्रय दिला.

स्टीव्हन्सन होनोलुलूला पोचण्यापूर्वी काही महिनेच, १८८८ मध्ये, राजाच्या नावावर हवाईच्या दंतकथांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाला होता. त्याचे संपादन होनोलुलूतील माजी अमेरिकन राजदूत रॉलिन डॅगेट याने केले. इंग्रजी कोणाची आणि कथा कोणाच्या, हा वाद त्या ग्रंथाबाबत घालता येतो. परंतु सामग्री राजघराण्यातल्या स्मृतीतून आलेली आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आणि नेमक्या १८८९ सालीच राजाने ‘कुमुलिपो’ या दोन हजारांहून अधिक ओळींच्या सृष्टिउत्पत्तीच्या स्तोत्राची आपल्याजवळची संहिता होनोलुलूत छापून घेतली. हे स्तोत्र त्याच्या घराण्याची वंशावळ थेट आदिम अंधारापर्यंत नेऊन भिडवते. आपला वंश हलका असल्याची कुजबुज करणाऱ्या विरोधकांना राजाने दिलेले ते उत्तर होते, आणि आज पॉलिनेशियाच्या मौखिक वाङ्मयातला तो पायाभूत ग्रंथ ठरला आहे.

स्टीव्हन्सन त्या वेळी दक्षिण समुद्रावर एक मोठे पुस्तक लिहिण्यासाठी बेटांच्या कथा, चालीरीती आणि वंशावळी गोळा करत होता. मार्केसासमध्ये त्याने लोकसंख्या झपाट्याने घटत चाललेली पाहिली होती आणि मरत चाललेल्या समाजाच्या आठवणींचे काय होते, हा प्रश्न त्याला छळत होता. हवाईतही तेच संकट होते. १८९० च्या जनगणनेत मिश्र वंशाचे धरूनही मूळ हवाई लोक सुमारे ४० हजार उरले होते. या प्रश्नावर ज्याच्याशी इंग्रजीत, तोडीस तोड आणि दुभाष्याशिवाय बोलता येईल असा राजा त्याला दुसऱ्या कोणत्याही बेटावर भेटला नव्हता. या दोघांच्या स्नेहाचा पाया मी तरी येथे मानतो.

सामोआचा या मैत्रीशी काय संबंध आहे?

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा धागा आहे आणि सर्वांत कमी सांगितला जाणाराही.

युरोपीय सत्ता प्रशांत महासागरातली एकेक बेटे गिळत असताना उरलेल्या पॉलिनेशियन राज्यांनी एकत्र यावे, अशी कलाकाउआची आणि त्याचा पंतप्रधान वॉल्टर मरे गिब्सन याची योजना होती. त्यासाठी १८८६ च्या अखेरीस जॉन बुश याच्या नेतृत्वाखाली एक दूतमंडळ सामोआला रवाना झाले. त्याचा चिटणीस होता हेन्री पूअर, आणि चित्रकार व छायाचित्रकार म्हणून सोबत गेला होता जो स्ट्राँग. १७ फेब्रुवारी १८८७ रोजी सामोआचा राजा मालिएतोआ लाउपेपा याने हवाईशी संघराज्य करण्याच्या करारावर सही केली. त्यानंतर हवाईने आपली एकमेव युद्धनौका ‘काइमिलोआ’ तिकडे धाडली. मूळची मालवाहू असलेली ही बोट घाईने सजवलेली होती, तिच्या खलाशांत सुधारगृहातली मुले भरलेली होती आणि आपिया बंदरात तिच्यावर बेदिलीची इतकी लाट आली की शेवटी ती परत बोलवावी लागली. सामोआत आपला हक्क सांगणाऱ्या जर्मनीने या सगळ्याकडे संतापाने पाहिले. त्याच वर्षी जर्मनांनी मालिएतोआला पदच्युत करून हद्दपार केले आणि आपल्या मर्जीतला तामासेसे गादीवर बसवला.

आता १८८९ च्या वाइकिकीकडे परत येऊ. ज्याच्या ओसरीवर मेजवानी झडली तो पूअर, ज्याच्यामुळे राजवाड्याचे दार उघडले तो जो स्ट्राँग, आणि ज्याच्या डोक्यातून ती सारी कल्पना निघाली तो राजा, असे या दूतमंडळाचे तीन प्रमुख भागीदार स्टीव्हन्सनच्या रोजच्या उठण्याबसण्यात होते. आदल्या डिसेंबरात सामोआत जर्मन खलाशी आणि तामासेसेचा प्रतिस्पर्धी माताफा याचे योद्धे यांच्यात रक्तपात झाला होता आणि त्याच्या ताज्या बातम्या होनोलुलूत पोचत होत्या. मेजवानीनंतर अवघ्या आठवड्याने, १० फेब्रुवारी रोजी, स्टीव्हन्सनने लंडनच्या ‘टाइम्स’ला सामोआतील जर्मन वर्तनावर कडक पत्र लिहिले, ते मार्चमध्ये छापून आले. तोवर त्याने सामोआ पाहिलेलेही नव्हते. न पाहिलेल्या देशाविषयी इतक्या त्वेषाने लिहिण्याची ऊर्मी त्याला होनोलुलूतल्या या सहवासातून मिळाली, असे मानायला भक्कम आधार आहे. डिसेंबर १८८९ मध्ये तो आपियाला उतरला, वाइलिमा येथे त्याने जमीन घेतली आणि आयुष्याची उरलेली पाच वर्षे सामोआच्या राजकारणात बुडून गेला. होनोलुलूत लागलेली ही चटक त्याला अखेरपर्यंत सुटली नाही.

१८८९ मध्ये राजाच्या हातात खरी सत्ता किती होती?

फारच थोडी. जुलै १८८७ मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि मळेवाल्यांच्या सशस्त्र गटाने धमकावून त्याला नव्या राज्यघटनेवर सही करायला लावले. ती ‘संगिनीची राज्यघटना’ म्हणून ओळखली जाते. तिने मंत्रिमंडळ राजाच्या ताब्यातून काढले, मतदानासाठी मालमत्तेची आणि उत्पन्नाची अट घालून सामान्य हवाई लोकांना दूर ठेवले आणि आशियाई रहिवाशांचा मताधिकार पूर्ण नाकारला. गिब्सनला देश सोडावा लागला आणि संघराज्याची योजना कायमची गुंडाळली गेली.

याचा अर्थ असा की स्टीव्हन्सनने ज्याच्याशी मैत्री केली तो विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या इओलानी राजवाड्यात राहणारा, परंतु कारभाराच्या कागदांवर दुसऱ्यांच्या मर्जीने सही करणारा राजा होता. अशा राजाशी जवळीक करून व्यवहारात कोणताही लाभ नव्हता. उलट शहरातल्या प्रतिष्ठित अमेरिकन कुटुंबांची नाराजी मात्र ओढवत होती. स्टीव्हन्सनला ती नाराजी बोचल्याचे दिसत नाही. लेखक गेल्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, ३० जुलै १८८९ रोजी, रॉबर्ट विल्कॉक्स याने जुनी राज्यघटना परत आणण्यासाठी केलेला उठाव फसला.

कलाकाउआ भारतात, विशेषतः मुंबईत आला होता हे खरे आहे का?

होय. १८८१ मध्ये त्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेत जपान, चीन, सयाम, सिंगापूर आणि ब्रह्मदेश पाहून तो कलकत्त्याला आला, तेथून आगगाडीने देश ओलांडून मुंबईला पोचला आणि मुंबईहून बोटीने इजिप्तकडे गेला. राज्यावर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला राजा मानला जातो. प्रवासाचे घोषित कारण उसाच्या मळ्यांसाठी मजूर मिळवणे हे होते, तरी मार्गातल्या प्रत्येक दरबारात तो आणखी काही शोधत होता. जपानच्या सम्राटापुढे त्याने आशियाई राष्ट्रांच्या संघाची कल्पना मांडली आणि आपली लहानगी भाची जपानी राजपुत्राला देण्याचा प्रस्तावही ठेवला. दोन्ही गोष्टी नम्रपणे नाकारल्या गेल्या. सामोआची योजना अचानक सुचलेली लहर नव्हती, हे या प्रवासावरून कळते. याच दौऱ्यात न्यूयॉर्कला त्याने एडिसनची भेट घेतली आणि पुढे राजवाड्यात विजेचे दिवे आले.

राजकन्या काइउलानीशी स्टीव्हन्सनचा संबंध कसा आला?

ती हीच भाची. तिची आई लिकेलिके ही राजाची बहीण, म्हणजे कलाकाउआ तिचा मामा. आणि वडील आर्चिबाल्ड क्लेगहॉर्न हे मूळचे एडिंबराचे, म्हणजे स्टीव्हन्सनचे गाववाले. वाइकिकीतील त्यांच्या आइनाहाउ या बंगल्याच्या आवारात मोठा वड होता आणि त्याच्या सावलीत तेरा वर्षांच्या या मुलीशी लेखकाच्या गप्पा होत. मे १८८९ मध्ये ती शिक्षणासाठी इंग्लंडला गेली, तेव्हा थंडीच्या देशात निघालेल्या या बेटावरच्या मुलीसाठी त्याने तिच्या वहीत कविता लिहून दिली. राजाला दिलेल्या सुनीतापेक्षा ही रचना पुष्कळ सरस उतरली आहे.

मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला भेट देण्यात राजाचा हात होता का?

तेथे जाण्यासाठी आरोग्य मंडळाचा परवाना लागत असे आणि तो घेऊनच स्टीव्हन्सन मे १८८९ मध्ये कालाउपापाला गेला. फादर डेमियन यांचा मृत्यू त्याआधी महिनाभर, १५ एप्रिलला झाला होता. कुष्ठरोग्यांच्या सेवेबद्दल कलाकाउआच्या दरबाराने फादर डेमियन यांना १८८१ मध्येच राजसन्मान दिला होता, तर मिशनरी वर्तुळात त्यांच्याविषयी वाईटसाईट बोलले जात असे. होनोलुलूतले रेव्हरंड चार्ल्स हाइड यांचे असेच एक खासगी पत्र छापले गेल्यावर स्टीव्हन्सनने १८९० मध्ये त्यांना उद्देशून जळजळीत अनावृत पत्र प्रसिद्ध केले. कादंबरीतल्या हाइडशी या आडनावाचा संबंध नाही; ती चार वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झाली होती. राजवाड्याच्या बाजूने शहर पाहिलेल्या माणसाला हे पत्र लिहिणे सोपे गेले असेल, एवढे म्हणता येते. त्यापलीकडे राजाचे नाव त्यात ओढण्याचे कारण नाही.

हवाईत असताना त्याने काय लिहिले?

‘द मास्टर ऑफ बॅलंट्री’ ही मासिकातून क्रमशः चालू असलेली कादंबरी त्याने वाइकिकीत पूर्ण केली. बर्फ, भावांचे वैर आणि स्कॉटिश वाडा यांनी भरलेल्या या पुस्तकात हवाईचा मागमूस नाही. हवाई बेटे त्याच्या लेखनात उतरली ती नंतर, ‘द बॉटल इम्प’ आणि ‘द आइल ऑफ व्हॉइसेस’ या कथांतून. पहिल्या कथेतला नायक केआवे हा शिकलासवरलेला हवाई खलाशी आहे आणि कथा त्याच्या नजरेतून सांगितलेली आहे. बेटावरचा माणूस शोभेच्या सामानासारखा न वापरता त्याला पूर्ण माणूस म्हणून कथेच्या मध्यभागी आणणे इंग्रजी लेखनात त्या काळी दुर्मीळ होते. होनोलुलूतल्या सहवासाचा हा परिणाम असावा, असा माझा तर्क आहे.

दोघांचा निरोप कसा झाला? ते पुन्हा भेटले का?

२४ जून १८८९ रोजी ‘इक्वेटर’ या व्यापारी जहाजाने स्टीव्हन्सन गिल्बर्ट बेटांकडे निघाला. ऐन निघण्याच्या वेळी राजा आपले वादक घेऊन धक्क्यावर आला आणि शॅम्पेनसह निरोप झाला. ही त्यांची शेवटची भेट ठरली. प्रकृती खालावलेला कलाकाउआ १८९० च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाला गेला आणि २० जानेवारी १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलात वारला. ‘चार्ल्स्टन’ ही अमेरिकन युद्धनौका त्याचे शव घेऊन होनोलुलूला परतली, तेव्हाच तेथील लोकांना बातमी कळली. स्वागतासाठी उभारलेल्या कमानी घाईने काळ्या कापडाने झाकाव्या लागल्या.

स्टीव्हन्सनचा दुसरा राजा-मित्र कोणता?

हा प्रश्न बहुधा तेम्बिनोका याच्याविषयी असतो. गिल्बर्ट बेटांतल्या अबेमामाचा हा अवाढव्य देहाचा निरंकुश सत्ताधीश तीन बेटांवर राज्य करी आणि सगळा व्यापार स्वतःच्या मुठीत ठेवी. १८८९ च्या उत्तरार्धात स्टीव्हन्सन कुटुंब सुमारे दोन महिने त्याच्या आश्रयाने राहिले. गंमत अशी की ‘इन द साउथ सीज’ या पुस्तकात तेम्बिनोकाला स्वतंत्र विभाग मिळाला आणि कलाकाउआला मिळाला नाही. कारण उघड आहे. लेखकाला चित्रविचित्र माणूस रंगवणे सोपे जाते. वृत्तपत्र वाचणारा, संसदेशी झगडणारा आणि एडिसनला भेटलेला राजा वाचकांच्या ‘दक्षिण समुद्रा’च्या कल्पनेत बसत नव्हता.

स्टीव्हन्सनने राजाविषयी नंतर काय लिहिले? ही मैत्री खरी म्हणावी का?

१८९२ मध्ये, राजा वारल्यानंतर, ‘अ फूटनोट टू हिस्टरी’ हा सामोआच्या संघर्षाचा इतिहास त्याने प्रसिद्ध केला. त्यात हवाईच्या दूतमंडळाची आणि ‘काइमिलोआ’ची हकीकत येते, ती उपरोधाने आणि काही ठिकाणी चक्क टवाळीने. ज्याच्या मोहिमेतल्या माणसांकडून सामोआची पहिली ओळख झाली, त्याच मोहिमेचा त्याने प्रहसनासारखा उपयोग केला, हे वाचताना खटकते. त्याच्या बाजूने एवढे सांगता येईल की ती मोहीम फसलेलीच होती, तिचे परिणाम मालिएतोआला हद्दपारीत भोगावे लागले होते आणि हे भोग स्टीव्हन्सन आता जवळून पाहत होता.

पाच महिन्यांचा सहवास, त्यातही मध्येच कोना आणि मोलोकाईचे प्रवास, आणि नंतर प्रत्यक्ष भेट नाही, एवढ्या मुदतीच्या संबंधाला जिवलग मैत्री म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. पण ती दिखाऊ नव्हती. तिचे माप मोत्यात किंवा बाटल्यांत घेऊ नये. देण्याघेण्याचा हिशेब मांडला तर राजाने जास्त दिले आणि लेखकाने कमी परत केले, असेच म्हणावे लागते.

राजाच्या मृत्यूनंतर स्टीव्हन्सन हवाईला परत गेला का?

एकदाच, १८९३ च्या सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये. तोवर १७ जानेवारी १८९३ च्या बंडाने राणी लिलिउओकलानीला पदच्युत करण्यात आले होते आणि राजवाड्यात हंगामी सरकारची कचेरी थाटली होती. वाइकिकीच्या सान्स सूसी हॉटेलात उतरलेला स्टीव्हन्सन आजारी पडला आणि फॅनीला सामोआहून त्याच्यासाठी यावे लागले. तशाही अवस्थेत त्याने पदच्युत राणीची भेट घेतली. नव्या सत्ताधाऱ्यांच्या शहरात त्या भेटीचा अर्थ कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या विषयाचे वाचन कोठून सुरू करावे?

स्टीव्हन्सनची फेब्रुवारी ते जून १८८९ मधली पत्रे आधी वाचावीत, कारण त्यांत राजा ताजा आणि जिवंत दिसतो. त्यानंतर सामोआच्या इतिहासातले दूतमंडळाविषयीचे प्रकरण घ्यावे आणि दोन्हींमधला सूर ताडून पाहावा. कलाकाउआचा दंतकथांचा ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त असून आंतरजालावर मोफत मिळतो. त्याची प्रस्तावना लांबलचक आहे, ती टाळून थेट कथांकडे वळले तरी चालेल; मात्र ‘कुमुलिपो’ वाचायचा असेल तर लिलिउओकलानीने आपल्या पडत्या काळात केलेला इंग्रजी अनुवाद आवर्जून मिळवावा. वाइकिकीच्या मेजवानीचे आणि राजाच्या नौकागृहातल्या दोघांचे छायाचित्र हवाईच्या राज्य अभिलेखागारात आहे, आणि होनोलुलूला जाणाऱ्यांना इओलानी राजवाडा संग्रहालय म्हणून पाहता येतो.